टाकीला पांघरूण

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, पस्तीस वर्षं गीझर दुरुस्त करत होते. ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, एवढंच त्यांना आयुष्यात ठाऊक. बाकी व्यवहारात शून्य! नाहीतर माझ्या वयाची जुनाट घरगाडी, चाकांवरचं घरच ते, कोण विकत घेतं?

पण आजारानं ताईला बसवत नव्हतं, आणि त्या गाडीत पलंग होता. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा ताई एकच बोलली, "मला लेकीकडे न्या." लेकीचे दिवस भरत आलेले, तिला प्रवासाची बंदी. म्हणून आम्हीच निघालो. गाडी मी चालवत होतो.

घाट लागला आणि गाडी आचके देऊन बंद पडली. सायलेन्सरचा पाइप पेट्रोलच्या दोन्ही टाक्यांना खेटून गेलेला, पेट्रोल उकळून त्याची वाफ व्हायची आणि इंजिन उपाशी राहायचं. "थांब, करतो बंदोबस्त," म्हणत दाजींनी गीझरला लावायचा काचेचा कापूस, म्हणजे ग्लासवूल, काढला आणि दोन्ही टाक्या गच्च गुंडाळल्या. थोडं अंतर गेलो, पुन्हा बंद. मग पुन्हा. पेट्रोलच्या वासानं आत ताई ओकत होती, आणि हे महाशय आणखी एक थर चढवत होते!

चौथ्यांदा गाडी बंद पडली तेव्हा मी कापसाखाली हात घातला. चांगलाच चटका बसला.

"अहो दाजी, गीझर केलात की टाकीचा! इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल गरमच असतं. ती उष्णता जाणार कुठून?"

दाजींचा चेहरा उतरला. "सवय रे," एवढंच म्हणाले. मला इतका संताप आला होता की मी तोंड फिरवलं.

कापूस ओरबाडून काढला. टाक्या निवायला दीड तास गेला. मग गाडीतल्या स्वयंपाकाच्या ओट्यामागचा पत्रा उचकटून पाइप आणि टाक्यांच्या मध्ये बसवला, दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा सोडून, वारा खेळेल असा. त्यानंतर गाडी एकदाही अडखळली नाही.

घाट उतरल्यावर मागून दाजींचा आवाज आला, "हिचे पाय गार पडलेत रे."

"पोचतोच आहोत, दाजी."

आरशात दिसत होतं. होतं नव्हतं ते पांघरूण काढून त्यांनी ताईला गच्च गुंडाळलं, कुठे फट राहू दिली नाही.

लेक फाटकात उभी होती, पोटावर हात ठेवून. "आई!" म्हणत ती गाडीत चढली, आईचा हात हातात घेतला; तो थंडगार पडला होता. दाजी अजून ताईच्या पायाशी पांघरूण खोचत होते.

"हळू बोल," ते तिला म्हणाले. "आत्ताच जरा ऊब धरलीये."