चुकलो तर टोका

"मी चुकत असलो तर टोका," औषध देण्याआधी डॉक्टर म्हणायचे आणि नर्सबाईंकडे बघत थांबायचे. साहेबानं हाताखालच्या माणसांना अशी विनंती केलेली तुम्ही कधी ऐकली आहे? आम्हाला तर ऐकतानाच अवघडल्यासारखं व्हायचं.

तेव्हा निजामाचा अंमल होता. कळमनुरीकडच्या एका दवाखान्यात मी जखमांना पट्ट्या बांधायचो. डॉक्टर हैदराबादेत शिकलेले, कमी बोलणारे. त्यांना ही सवय एका लेकरापायी लागली.

त्या उन्हाळ्यात हगवणीची साथ होती. ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कुरुंद्याचा एक शेतकरी आणि त्याची बायको लहानग्या पोरीला घेऊन आले. गर्दीच्या घाईत डॉक्टरांनी हगवण थांबवणाऱ्या अफूच्या अर्काचं मोठ्या माणसाचं माप सांगितलं. नर्सबाईंनी ते पाजलं. रडून बेजार झालेली पोरगी निपचित झोपली.

"झोपलं बाई एकदाचं," आई म्हणाली आणि पदरानं वारा घालू लागली.

दुपारी पोरीचा श्वास मंदावला. डॉक्टरांनी जमेल ती सगळी खटपट केली. ती उठली नाही.

"माप जास्त वाटलं होतं तुम्हाला?" त्यांनी नर्सबाईंना विचारलं.

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमच्या म्होरं आमी काय बोलावं, साहेब?"

ते रागावले नाहीत. ओसरीत जाऊन बापाला म्हणाले, "औषध जास्त झालं. चूक माझी आहे."

बापानं त्यांचे पाय धरले. "असं म्हनू नका. तिचं तेवढंच व्हतं."

वरचे अधिकारी तपासणीला आले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "ऐसी बात फिर मत करना. लोग दवाखाने आना छोड़ देंगे."

मग त्यांना टोकायला उरलो आम्हीच. डॉक्टर रोज विचारायचे आणि नर्सबाई रोज "बराबर हाय" म्हणायच्या. एकदा डॉक्टरांनी मुद्दाम खोकल्याच्या औषधाऐवजी चोळायच्या तेलाची बाटली उचलली. बाई म्हणाल्या, "बराबर हाय."

त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी बाईंसमोर धरली. बाईंना रडू आलं. "तुमच्या हातात हाय म्हंजे बराबरच असंल, असं वाटतं, साहेब."

डॉक्टर खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी पुढच्या रोग्याला बोलावलंच नाही.

पुढं त्यांची बदली झाली. कुठं, ते आम्हाला कोणी सांगितलं नाही.

त्यानंतर कुरुंद्याचा तो शेतकरी पुन्हा आला. खांद्यावर तापानं फणफणलेला मुलगा होता. "आपले डॉक्टर कुठं हायत?" त्यानं विचारलं.

"गेले. नवे आहेत आत. दाखव त्यांना," मी म्हणालो.

तो पायरीवर टेकला. जरा वेळानं म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. त्यांच्यावानी मानूस न्हाई." लेकराच्या डोक्यावर धोतराचा सोगा ओढून तो उन्हात चालू लागला. मी मागून हाका मारत राहिलो.