बेडरूमचा पडदा कोणत्या रंगाचा?

माझी मावशी पडदे शिवते आणि तिच्या स्वतःच्या घरात पडदा नाही. म्हणजे असतो, पण तो तिचा नसतो. एवढी साधी गोष्ट एका सरकारी अधिकाऱ्याच्या डोक्यात शिरवताना आमच्या नाकी नऊ आले, म्हणून ती आधीच सांगून टाकते.

मावशीची उंची बेताची, आवाज मात्र तिला न शोभेल इतका मोठा. तोंडात सहा टाचण्या धरून ती गिऱ्हाइकाशी भांडू शकते आणि आजवर एकही टाचणी पडलेली नाही. खाली दुकान, वर दीड खोली. दुकानात दोन मशीन, एक लांबलचक टेबल आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. एकोणचाळीस वर्षांची होईपर्यंत तिने लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "माप घेतलंय, बसत नाही कुणी."

मग पाहुणे आले. मावशीच्या नवऱ्याला आम्ही सगळे पाहुणे म्हणतो, ते नाव माझ्या आईने ठेवलेलं. शिलाई मशीनच्या कंपनीने दुसऱ्या देशातून दुरुस्तीसाठी आणलेला हा कारागीर. मावशीचं मशीन टाके सोडत होतं. त्याने ते उघडलं, आत वाकून पाहिलं आणि हातवारे करून सांगितलं की तुम्ही वर्षानुवर्षं भलत्याच ठिकाणी तेल घालताय. मावशीला असं सांगणारा माणूस तोवर जन्मला नव्हता. तीन दिवस ती त्याच्याशी भांडली, चौथ्या दिवशी चहा दिला, आणि वर्षभरात दोघांनी नोंदणी कचेरीत सह्या केल्या. आई म्हणाली, "पाहुणा माणूस आहे, परवाना संपला की जाईल." तो काही गेला नाही. नाव तेवढं चिकटलं.

पाहुणे मराठी शिकले ते दुकानातल्या गिऱ्हाइकांकडून. त्यामुळे ते सगळ्यांना तुम्ही म्हणतात. बायकोला तुम्ही, मला तुम्ही, कापडावर झोपलेल्या मांजरालाही "तुम्ही खाली उतरा." मावशी त्यांना अहो म्हणते आणि एरवी अरेतुरे केल्यासारखं ओरडते.

मी दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, म्हणून घरातले सगळे फॉर्म माझ्या गळ्यात. पाहुण्यांचेही मीच भरले. परदेशी नवऱ्याला आधी दोन वर्षांचा परवाना मिळतो, मग पाच वर्षांचा, आणि त्यानंतर कायमचं राहण्याचा दाखला. दर वेळी सिद्ध करायचं की हे लग्न खरं आहे, कागदापुरतं केलेलं नाही. एकत्र काढलेले फोटो जोडा, म्हणे. आमच्याकडे चार निघाले, त्यातल्या दोनांत मावशी पाठमोरी. एकमेकांना पाठवलेले मेसेज जोडा. आठ वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणारी माणसं मेसेज कशाला पाठवतील? मी दोघांचे फोन धुंडाळले. "पांढरा दोरा आणा." "वर या." "आणला." झालं, एवढाच संसार.

तरी मी बत्तीस पानं भरली आणि कायमच्या दाखल्यासाठी दोघांना मुलाखतीचं बोलावणं आलं. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतात, तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं जुळतात का ते पाहतात. चष्मेवाल्या अधिकाऱ्याने मावशीला विचारलं, "बेडरूमचा पडदा कोणत्या रंगाचा?"

मावशी म्हणाली, "आमच्याकडे पडदा नाही."

पलीकडच्या खोलीत पाहुणे म्हणाले, "हिरवा. जाड. पुढच्या आठवड्यात निळा असेल."

दोघंही खरं बोलत होते. पडद्याचं जड कापड टांगलं की स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, कधी बोटभर, कधी दोन बोटं. शिवल्या शिवल्या खालची दुमड घातली तर महिन्याभरात पडदा जमिनीवर लोळतो. म्हणून मावशी दुमड न घालता प्रत्येक पडदा चार दिवस टांगून ठेवते, किती उतरला ते मोजते आणि मगच खालची शिलाई मारते. टांगायला उंच जागा एकच, वरच्या खोलीची खिडकी. त्या खिडकीला सतत कुणाचा ना कुणाचा पडदा असतो. मावशीच्या लेखी तो गिऱ्हाइकाचा माल, आपला पडदा नव्हेच. पाहुण्यांच्या लेखी जे डोळ्यांपुढे लटकतंय ते पडदा. अधिकाऱ्याने पुढे काही विचारलं नाही. त्याने फक्त लिहून घेतलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. "पती-पत्नीच्या उत्तरांत निवासाबाबत मूलभूत विसंगती आढळते. संबंध खरे असल्याची खात्री पटत नाही." तीस दिवसांत अपील करावं, नाहीतर अर्जदाराने देश सोडावा.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि स्वतःचा रागही आला. मी दोघांकडून जन्मतारखा घोटून घेतल्या होत्या, सासूचं नाव घोटून घेतलं होतं. त्या खिडकीखाली बसून हजारदा चहा प्यायले असेन, पण पडद्याचं सुचलं नाही.

आई म्हणाली, "जा, हात जोड, चुकलं म्हण. सरकारपुढे कसला ताठा?"

"चुकलं कुठे?" मावशी म्हणाली. "जे नाही ते नाही म्हणाले. ह्यांना दिसलं ते ह्यांनी सांगितलं. चुकला असेल तर तो लिहिणारा."

मी तिला बळेच एका एजंटाकडे नेलं. त्याने पत्र वाचलं, हसला आणि एक जाड यादी पुढे सरकवली. शंभर प्रश्न. कोण कोणत्या कुशीवर झोपतं, साबण कोणता, भांडण शेवटचं कधी झालं. दोघांनी मिळून उत्तरं ठरवायची आणि पाठ करायची. "आणि घरी एक पडदा लावून टाका, बाई. एकच रंग. कायमचा. अपिलात सांगायचं, त्या दिवशी घाबरून गोंधळ झाला."

मावशीने यादी वाचली. सगळी वाचली, पान उलटून मागचं कोरं आहे ना तेही पाहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "मी माझ्या नवऱ्याला पाठ करू?"

"सगळेच करतात."

"करोत. मी घाबरले नव्हते. घाबरले होते असं लिहून देणार नाही." आणि उठली. जाता जाता एजंटाच्या खिडकीच्या पडद्याची कड बोटांत धरून म्हणाली, "आधी टांगला नव्हता. बघा, लोळतोय."

मी रस्त्यात तिच्यावर चिडले. ताठ्याने दाखला मिळत नाही, म्हटलं. ती आमची गल्लीही ओलांडून तशीच पुढे निघाली. मला तिला दंडाला धरून वळवावं लागलं.

घरी आलो तर पाहुणे आपली हत्यारं तेलाच्या फडक्यात एकेक करून गुंडाळत होते. लोखंडी पेटी उघडी होती. पत्र आल्यापासून ते एकच वाक्य बोलत होते, "नियम आहे." त्या वाक्याचा मला मावशीच्या ताठ्यापेक्षा जास्त त्रास व्हायचा.

"ती पेटी आधी खाली ठेवा," मावशी ओरडली.

"तुम्ही रागावू नका. सवय पाहिजे."

"कसली सवय? मला नाही लावून घ्यायची!" आणि ती भर दुपारी, दुकान उघडं असताना, कापडाच्या ताग्यावर बसून रडली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं, तिला पाहून आल्या पावली परत गेलं.

पाहुणे तिच्याजवळ उभे राहिले. काय करावं ते त्यांना कळेना. मग त्यांना आठवलं की वर टांगलेल्या मरून रंगाच्या पडद्याचा चौथा दिवस आहे. ते वर गेले. मला वाटलं, काय माणूस आहे! मी त्यांच्या मागोमाग दोन शब्द सुनवायलाच गेले. ते स्टुलावर चढले होते. टेप लावून त्यांनी पडदा मोजला, कानामागची पेन्सिल काढली आणि खिडकीच्या चौकटीच्या उभ्या पट्टीवर, जिला पडद्याच्या दांडीचं एक टोक अडकवलेलं होतं, आकडा लिहिला. त्याच्याच शेजारी मावशीचा आकडा होता, चार दिवसांपूर्वीचा. टांगताना ती लिहायची, उतरवताना ते.

मी जवळ जाऊन पाहिलं. पट्टी वरपासून खालपर्यंत भरलेली होती. तारीख, तिचा आकडा, त्यांचा आकडा. पुन्हा तारीख. तिचे आकडे मराठी, त्यांचे त्यांच्या देशाच्या लिपीतले, आकडीदार, आमच्या घरात मावशीशिवाय कुणाला न वाचता येणारे. खालचे जुने आकडे रोगणाच्या आत होते. पाच वर्षांपूर्वी खिडकीला रोगण द्यायचं होतं तेव्हा रंगारी पट्टी घासायला निघाला होता आणि मावशीने त्याला हाकलून स्वतःच आकड्यांवरून पारदर्शक रोगण फिरवलं होतं, ते मला आठवलं.

"मावशी," मी जिन्यावरून हाक मारली, "वर ये. डोळे पुसून ये."

ती आली. मी बोट दाखवलं. ती क्षणभर पट्टीकडे बघत राहिली. मग खाली गेली आणि पाहुण्यांच्या पेटीतला सगळ्यात मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली.

अपिलाच्या दिवशी आम्ही तिघं ती माणसाच्या उंचीची पट्टी घेऊन कचेरीत गेलो. दारावरचा शिपाई म्हणाला, लाकूड आत नेता येणार नाही. मावशीने त्याला बोलावण्याचा कागद दाखवला. "इथे लिहिलंय, पुरावे सोबत आणावेत. कागदी पाहिजेत असं कुठे लिहिलंय?" त्याने कागद दोनदा वाचला आणि बाजूला झाला.

सुनावणी घेणाऱ्या बाई पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, थकलेल्या दिसत होत्या. टेबलावर आडवी ठेवलेली पट्टी दोन्ही बाजूंनी बाहेर आली. मावशीने पडदा कसा उतरतो ते सांगितलं. आर्जव नाही, गयावया नाही. गिऱ्हाइकाला सांगावं तसं.

"हे काल बसूनही लिहिता येईल," बाई म्हणाल्या.

"येईल. नखाने खरवडून बघा. खालचे रोगणाखाली आहेत."

बाईंनी खरंच खरवडलं. मग त्यांनी पाहुण्यांना बाहेर पाठवलं, पट्टीवर मधेच एका जागी बोट ठेवलं आणि मावशीला त्यांचा आकडा वाचायला सांगितला.

"दोनशे चौदा. माझा दोनशे अकरा. तीन उतरला. राखाडी होता, दातांच्या डॉक्टरांचा. लबाड कापड."

मग मावशी बाहेर आणि पाहुणे आत. मी फॉर्म भरणारी म्हणून कोपऱ्यात बसून होते, तोंड उघडायची मनाई होती. पाहुण्यांनी मावशीचा आकडा वाचला, "दोनशे अकरा." आपला वाचला. थोडं थांबून म्हणाले, "राखाडी. वाईट कापड. दात डॉक्टर. तुम्ही त्यांच्याकडे जाऊ नका, पडदा चांगला आहे पण दात दुखतो."

बाई हसल्या नाहीत, पण पेन खाली ठेवलं. "आज तुमच्या बेडरूमचा पडदा कोणत्या रंगाचा आहे?"

"आज पडदा नाही," पाहुणे म्हणाले. "पट्टी तुमच्या टेबलावर आहे. कशाला अडकवणार?"

मावशीला पुन्हा आत बोलावलं. तोच प्रश्न. मावशी भडकली. "अहो, खिडकीची पट्टीच इथे आणलीय, पडदा काय हवेत टांगू?"

बाईंनी दोन्ही उत्तरं एकाखाली एक लिहिली.

निकालाचं पत्र आलं ते मी फोडलं. अपील मंजूर. पण कायमचा दाखला नाही. आणखी दोन वर्षं राहायला परवानगी, त्यानंतर पुन्हा तपासणी. मी वाचून दाखवलं आणि मावशीच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. दोन वर्षांत सरकारला आणखी काय मोजायचं होतं, देव जाणे.

मावशीने पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाली, "बरं. पट्टी लावून टाका. दोनच स्क्रू लावा, वर एक, खाली एक. पुन्हा काढायचीच आहे."

आई तिथेच होती. तिने जिन्याखालून पट्टी उचलून दिली आणि पहिल्यांदाच म्हणाली, "जावईबापू, धरा."

पाहुणे पट्टी घेऊन वर गेले. मावशी आणि मी मागून गेलो. त्यांनी पट्टी चौकटीला टेकवली, वरचा स्क्रू पिळला, खालचा पिळला. मग खिशातून आणखी दोन काढले आणि मधे लावायला लागले, अगदी दात खाऊन, डोकं लाकडात बुडेपर्यंत.

"अहो, दोन म्हटलं ना? पुन्हा न्यायची आहे."

"नाही," पाहुणे म्हणाले. आठ वर्षांत त्यांनी मावशीला नाही म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. "आता आपण नेणार नाही. बघायचं असेल तर ते इथे येतील."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. मग खाली जाऊन निळा पडदा आणला, स्टुलावर चढली आणि टांगला. टेप लावला, तारीख लिहिली, आकडा लिहिला, आणि शेजारची जागा त्यांच्यासाठी मोकळी सोडली.