पायावरची रेघ आणि सासूबाईंचं फडकं

समस्त पिंपरी-चिंचवडकर, चाकणकर आणि ज्यांच्या दाराबाहेर बुटांचं स्टँड आहे अशा तमाम नागरिकांना जड अंतःकरणानं कळवतो की, माझ्या उजव्या पायाला कोळी चावला, पाय दुधीभोपळ्यासारखा सुजला, आणि मला विषबाधा झालेली नव्हती.

शेवटचा भाग डॉक्टरांनी हॉस्पिटलच्या कॉटपाशी जाहीर केला, तेव्हा माझा चक्क हिरमोड झाला. तापानं फणफणतानाही मी निम्म्या कंपनीला फोन करून ‘विषारी, भयंकर विषारी’ असं सांगून ठेवलं होतं.

डॉक्टर म्हणाले, “हा सेल्युलायटिस आहे. म्हणजे कातडीखाली जंतूंचा संसर्ग. चावलेल्या जागेतून जंतू आत शिरले. घरातल्या बहुतेक कोळ्यांचं विष माणसाला फारसं बाधत नाही. तुमच्या केसमध्ये विषारी काही असलंच, तर तो तुमचा मोजा.”

झालं होतं असं. सासूबाई लातूरहून आमच्या कुरुळीच्या घरी आल्या. कोपऱ्यातली जळमटं पाहून लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, एवढंच म्हणाल्या, “सुनंदे, कोळी पाळलेत का गं?” मग स्वतःच झाडू उचलला. घरोघरी नाही, पण कोपऱ्याकोपऱ्यात हाहाकार उडाला. बेघर झालेल्यांपैकी एक जण माझ्या सेफ्टी शूजमध्ये राहायला गेला.

सकाळच्या शिफ्टला निघताना मी घाईत पाय घातला. घोट्यापाशी सुईसारखं टोचलं. कंपनीची बस चुकेल म्हणून तसाच पळालो. निघोज्याला कंपनीत पोचून बूट काढला, तेव्हा भाडेकरू मोज्याला चिकटून शहीद झालेला.

आमच्या गेटवर अपघाताविना गेलेल्या दिवसांचा फलक आहे. सेफ्टी ऑफिसरनं पायाकडे न बघता आधी विचारलं, राव, चावला कुठं, गेटच्या आत की बाहेर? घरी, म्हटल्यावर त्यानं मला मिठीच मारली.

घरी सासूबाईंनी चुना लावला. दुसऱ्या दिवशी पाय लाल, गरम, आणि लाली पोटरीकडे चढायला लागलेली. थंडी वाजून ताप. मी निरवानिरवीची भाषा सुरू केली, तशी सुनंदानं मला सरळ रिक्षात घातलं.

ॲडमिट होताना एका तरुण डॉक्टर मॅडमनी लाली संपते तिथं पेनानं पायाभोवती रेघ मारली. लाली रेघेच्या खाली उतरली तर औषध लागू पडलं. रेघ ओलांडून वर गेली तर आत पू झाल्याची शंका, मग ऑपरेशन थिएटर आणि चीर. चीर हा शब्द ऐकून मी भिंतीकडे तोंड फिरवलं आणि डोळे मिटून घेतले, त्यामुळे रेघ नेमकी कुठं मारली ते मी पाहिलंच नाही. वर चादर आली. सलाईनमधून अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचं औषध, थेंब थेंब सुरू झालं.

सकाळी सुनंदा चहा आणायला खाली गेली. कॉटशेजारी बसलेल्या सासूबाईंनी चादर उचलली आणि जावयाचा पाय कुणीतरी पेनानं घाण केलेला पाहिला. गरम पाणी मागवलं, फडकं घेतलं, साबण घेतला. मी ग्लानीत होतो. वाटलं, काय ही सेवा.

थोड्या वेळानं मोठे डॉक्टर राउंडला आले. म्हणाले, “रेघ कुठंय?”

“पुसली,” सासूबाई अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टर खुर्चीत बसले. रेघ मारणाऱ्या मॅडम ड्युटी संपवून गेलेल्या, त्यांचा फोन लागेना. सुनंदाला विचारलं, तर ती म्हणाली, पोटरीवर होती, नेमकी आठवत नाही. ताप अजून उतरला नव्हता. लाली वर चढली की खाली आली, कुणालाच सांगता येईना. डॉक्टर म्हणाले, धोका नको, दुपारी थिएटरला घेऊ. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

सासूबाईंना वाटलं, पाय नीट स्वच्छ झाला नाही म्हणून डॉक्टर चिडले. त्या पुढं झाल्या. “रेघ निघाली हो सगळी. तिच्यातला ह्यो ठिपका तेवढा राहिला. लई घासलं, पर निघंना.”

त्यांच्या बोटाखाली माझा तीळ होता.

डॉक्टर उठले, वाकले. रेघ तिळावरून गेली होती म्हणायची. आणि लाली? तिळाच्या चांगली चार बोटं खाली. औषध लागू पडलं होतं. चीर टळली. मी त्या क्षणी सासूबाईंचे पाय धरणार होतो, पण माझाच एक पाय उशीवर चढवून ठेवलेला.

तुमच्यावर अशी वेळ आली तर ऐका. जागा साबण-पाण्यानं धुवा, थंड शेक द्या, पाय उंच ठेवा. चुना, ब्लेड, तोंडानं ओढणं, काहीही करू नका. विष अंगात भिनणारे कोळीही असतात, क्वचित का होईना. म्हणून धाप लागली, पोटात किंवा अंगात गोळे आले, जखम काळी पडली, लाली चढली किंवा ताप आला, तर थेट दवाखाना गाठा. आणि बूट घालण्यापूर्वी आपटा. मी आता कंपनीत पाहुण्यांचेसुद्धा आपटून देतो.

डिस्चार्जच्या दिवशी मी सगळ्यांचे आभार मानले, कोळ्याचेही. डॉक्टरांनी सासूबाईंना हसत समजावलं, की आजी, तो ठिपका पेनाचा नव्हता, तीळ आहे, जावयांना जन्मापासून आहे.

सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि भरल्या वॉर्डात म्हणाल्या, “जन्मापासून? मग पोरगी बघायला आलावता तवा सांगायचं न्हाई व्हय!”