पक्की नोकरी नको म्हणालो

दोस्तांनो, हे घाईघाईत लिहितोय.

जालन्याच्या कचेरीत मी तीन वर्षांपासून हंगामी कारकून आहे. आज दुपारी साहेबांनी बोलावलं. "मुबारक! उद्यापासून तुम्ही पक्के. मंठ्याला रुजू व्हा."

गावोगाव दंगे चाललेत. पक्क्या माणसाला रजा न्हाई, अन् नोकरी सोडली तर फितूर ठरवतात. हंगामी माणूस कधीबी निघू शकतो. बायकोला सातवा महिना आहे, तिला संस्थानाच्या हद्दीपलीकडं वऱ्हाडात माहेरी न्यायचंय.

"साहेब, मला हंगामीच राहू द्या."

ते हसले न्हाईत. "वऱ्हाडात कोण आहे तुमचं?"

वऱ्हाडाचं नाव मी काढलंच नव्हतं. "कोणी न्हाई," मी खोटं बोललो.

गाडी जुंपलीय, आम्ही आत्ताच निघतोय. तुम्ही माझ्या जागी असता, तर थांबला असता का?