पंधरावी काडी

खोली नंबर नऊच्या बाहेर बाकावर बसलोय आणि डोळा लागतोय. दुपारचे दोन वाजलेत. माझा नंबर बासष्ट, आत एकोणचाळिसावा पेशंट गेलाय. तोंडात चौदा काड्या आहेत, आइस्क्रीमच्या, एकावर एक रचून दातांमध्ये बसवलेल्या. तोंड उघडायचं यंत्र मिळतं म्हणे कुठेतरी. सहा जिल्ह्यांचे पेशंट येतात त्या या दवाखान्यात काड्या मिळतात. रोज जमेल तशी एकेक वाढवत न्यायची. आधी गुटख्याने आणि मग कॅन्सरच्या ऑपरेशनने आवळलेला माझा जबडा नऊ दिवस चौदावर अडून बसलाय. आज पंधरा झाल्या नाहीत तर गाल आतून पुन्हा कापावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलंय. आणि तरी डोळे मिटतायत. बावीस वर्षं एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होतो. दोन गाड्यांच्या मधे डुलकी काढायची सवय काही जात नाही.

शेजारी कुणीतरी येऊन बसतं. बांगड्या वाजतात.

"का रं कंट्रोलर, तोंडात सरपण घालून झोपलास व्हय?"

गयामावशी! आष्टीकडची कासारीण. दवाखान्याच्या धर्मशाळेत दोन महिने माझ्या समोरच्या खाटेवर होती. मशेरीपायी तिचा गाल गेला, गालाबरोबर अर्धा जबडा गेला, आणि तीन महिन्यांपूर्वी ती स्वतःही गेली. आता मात्र तिची हनुवटी जागच्या जागी आहे आणि ती सगळे दात दाखवून हसतेय. मला इतका आनंद होतो की, तू तर वारलीस ना, हे विचारायचंच राहून जातं.

"मावशी, तू इकडे कशी?" मी म्हणतो. तोंडातून नुसतं आं-ऊं निघतं, पण तिला बरोबर कळतं. धर्मशाळेत आम्ही असेच बोलायचो. बाकीच्यांना वाटायचं, भांडण चाललंय.

"गाडी गाठायची हाय."

तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेली बांगड्यांची पेटी आहे. बाक सिमेंटचा झालाय. समोर फलाटाला ओळीने स्ट्रेचर लागलेत आणि प्रत्येकाच्या डोक्याशी गावाची पाटी आहे.

"कुठली गाडी?"

"कुठली का असंना. तू पुकार. रोज सांगायचास, माझा आवाज भोंग्याबिगर तीन फलाटांवर जायचा म्हणून. मला एकदा तरी ऐकवलास का? तशीच गेले मी."

"तोंड उघडत नाही, मावशी."

"उघडत न्हाई का उघडत न्हाईस?"

आता मला तिचा राग येतो. खरं तर तीन महिने येतोय. "तू सतरापर्यंत गेलीस," मी म्हणतो. "माझ्या पुढे. रडत रडत गेलीस. आणि पुढच्याच महिन्यात मानेत गाठ आली. काय उपयोग झाला त्या सतरा काड्यांचा?"

एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. पंधरावी काडी नऊ दिवस मी नुसती दातांना लावतो आणि काढून घेतो. जोर लावतच नाही.

मावशी चिडत नाही. आता आम्ही धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात आहोत आणि ती परातीत भाकरी थापतेय, पेटी काखेत तशीच.

"बावीस दिवस भाकर खाल्ली मी," ती म्हणते. "कुस्करून न्हाई, मिक्सरमधून काढून न्हाई. सुनेनं थापली, मी मोडली अन् चावून खाल्ली. बावीस दिवस तुला कमी वाटायलेत का?"

कमी नाही वाटत. दिवाळीपासून माझ्या पोटात जे गेलंय ते नाकातल्या नळीतून गेलंय. तव्यावरून भाकरीचा वास येतो आणि मला बावीस काय, दोन दिवसही हवेसे वाटतात.

ती पिठाच्या हाताने माझ्या तोंडातल्या काड्या ओढायला लागते. एक, दोन, तीन. काढलेली काडी माझ्या गुडघ्यावर ठेवते. चौदा होतात तरी थांबत नाही. सोळा. एकोणीस.

"इतक्या नव्हत्या, मावशी."

"मग काय माझ्या तोंडातून निघायल्यात?"

शेवटची निघते आणि तोंडात वारा शिरतो, पार घशापर्यंत. हे कसं लागतं तेच मी विसरलो होतो. समोर माझा जुना माईक आहे. मी त्याला हातही लावत नाही.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे! आष्टीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे! गयाबाई कासार यांनी खिडकीची जागा धरून घ्यावी!"

आवाज तीन फलाट ओलांडून जातो. मावशी पेटी डोक्यावर घेऊन उभी आहे, मान जरा तिरकी करून ऐकतेय. तिला आता कसलीच घाई नाही.

"हां," ती म्हणते, "आत्ता ऐकला." आणि गाडीत चढते.

मी माझ्याच आवाजाने जागा होतो. सगळा व्हरांडा माझ्याकडे बघतोय. काड्या फरशीवर विखुरल्यात. समोरच्या बाकावरचे एक आजोबा पिशवी खांद्याला लावून उभे राहिलेत आणि बायकोला विचारतायत, "आपली लागली का गं?"

ओठाच्या डाव्या कोपऱ्याला आग होतेय. बोट लावतो तर रक्त. नऊ दिवसांत ओठ एकदाही फाटला नव्हता. फाटणार कसा, तोंड उघडलंच नव्हतं. मी त्या लाल बोटाकडे बघत राहतो आणि मला वेड्यासारखं हसू येतं.

नाझनीन मॅडम खोलीतून बाहेर येतात. आमचे तोंडाचे व्यायाम त्याच बघतात. "कोण ओरडलं?" म्हणतात आणि माझा ओठ बघतात. "चांगदेवराव, फाटलंय हे. आज राहू दे. मी डॉक्टरांशी बोलते, पुढच्या आठवड्यात मोजू."

मी मान हलवतो आणि तिथेच, सगळ्यांसमोर, आ करतो. मॅडम आतून धुतलेल्या काड्या आणतात. चौदा बसतात. पंधरावी दातांशी अडते. मी बाक घट्ट धरतो, डोळ्यांत पाणी येतं, आणि काडी रक्ताने ओली होऊन आत सरकते.

मॅडम लिहून घ्यायला पेन काढतात. मी त्यांचा हात धरतो आणि बोटाने खूण करतो, अजून एक.