चौथ्या प्रकरणातली बहुपदी

१४ जून, शनिवार. प्रबंधाचं चौथं प्रकरण शेवटचं तपासायला घेतलं. नांदेडला विद्यापीठात जमा करायची मुदत सोमवारी संपत होती. मी लातूरला महाविद्यालयात गणित शिकवते, एकटी राहते. जेवणाच्या टेबलावर सात वर्षं कागदच आहेत.

त्या प्रकरणाचा सगळा भार चार चलांच्या एका बहुपदीवर होता. कोणत्याही संख्या वापरल्या तरी तिचे अवयव पडता कामा नयेत, तरच प्रमेय टिकणार. संगणकाला अवयव पाडायला सांगितलं, तर त्यानं ती जशीच्या तशी परत दिली होती. म्हणजे अवयव पडत नाहीत, असं धरून मी पुढे गेले होते.

दुपारी विरंगुळा म्हणून संगणकात शाळेतलंच एक उदाहरण टाकलं: x³+y³+z³−3xyz. दोन अवयव आले. त्यातला दुसरा अजून तुटतो, १ या संख्येचं काल्पनिक घनमूळ हाताशी घेतलं की. हे मला पाठ आहे. संगणक चुकला नव्हता. वेगळं सांगितलं नाही तर तो परिमेय संख्यांतच शोधतो. आम्ही मात्र वर्षानुवर्षं फळ्यावर नुसतं ‘अवयव पाडा’ लिहीत आलो. कोणत्या संख्यांत, हे ना मुलांनी विचारलं, ना मी सांगितलं.

तेच घनमूळ माझ्या बहुपदीला दिलं. दोन तुकडे झाले.

सांगायला घरात कुणी नव्हतं, कॉलेजात हे कळणारंही कुणी नाही. नांदेडजवळ विष्णुपुरीला राहणाऱ्या माझ्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

“अहो बाई, परीक्षक काय संगणक मांडीवर घेऊन बसून राहिलेत का? देऊन टाका सोमवारी.”

“सर, तुटली ती.”

“आणखी कुणाला दिसली का?”

“मला दिसली.”

“आन् मुदत टळून नोंदणी रद्द झाली म्हणजे? सात वर्षं पाण्यात.”

“झाली तर झाली.”

“लई हट्टी बाई हाय ही,” ते पलीकडे बायकोला म्हणाले. मग मला, “मुदतवाढीचा अर्ज आणा. सही करतो. मिळंलच असं न्हाई.”

फोन ठेवला. संगणकाच्या पडद्यावर ते दोन अवयव तसेच होते. उभ्या उभ्याच भाकरी खाल्ली, भांडं घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज लिहिला. कारणाच्या जागी ‘चौथ्या प्रकरणातलं प्रमेय चुकलं आहे’ एवढंच लिहिलं आणि सरांच्या सहीसाठी नांदेडची एसटी धरली.