तळघरातल्या बायका

माझी वहिनी कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात काचेमागचे पुतळे सजवायची. पुतळ्याला कोट घालणं सोपं नसतं. आधी त्याचा हात खांद्यातून पिळून काढायचा, मग बाही चढवायची आणि हात परत बसवायचा. तोंडात टाचण्या धरून वहिनी त्यांच्याशी गप्पा मारायची. "बाईसाहेब, पोट जरा आत घ्या," असं म्हणायची आणि गिऱ्हाइकं चमकून बघायची.

एकदा मी तिला घ्यायला गेले, तर ती मागच्या गोदामात होती. कपडे उतरवलेले पुतळे तिथे उभे असायचे. टकले, भुवया नसलेले, गुळगुळीत. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं भिंतीकडे होती.

"हे काय गं वहिनी? शिक्षा केलीस की काय त्यांना?"

"बघत बसतात." तिनं डाव्या छातीवर हात ठेवला. "इथं. चिमणे, गाठ कॅन्सरची निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलीय, ऑपरेशन करू. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. त्यांचे नुसते ओठ हलत होते."

तिच्या बोटाला टाचणी टोचून रक्त आलं होतं. तिला पत्ताच नव्हता.

दादाला सांगितल्यावर आमच्या घराची वाचाच बसली. आई भांडी अलगद ठेवायला लागली. दादा पाऊल न वाजवता घरात यायचा. वहिनी खोलीत आली की चाललेलं बोलणं अर्ध्यावर तुटायचं. एकदा दादा आईला म्हणाला, "ती चहात साखर कमीच घ्यायची." घ्यायची! वहिनी पलीकडच्या खोलीत चहा पीत बसली होती. तिनं ऐकलं. रिकामा कप घेऊन ती माझ्याकडे आली.

"चिमणे, खरं सांग. मी गेलेय आणि मलाच कुणी सांगितलं नाही, असं तर नाही ना?"

पुढच्या तपासणीला मी नर्सला बाजूला घेतलं आणि विचारलं, आजाराचं तुम्ही बघताय, पण माणसाचं कोण बघतं?

"खाली तळघरात जा," ती म्हणाली. "आधार गट आहे. आज दुपारी बसतात."

तळघराचा बोळ लांबलचक होता. छतातून जाडजूड पाइप गेलेले, दोन्हीकडची दारं कुलूपबंद. माणूस दिसत नव्हतं, पण कुठूनतरी बायकांचं हसणं येत होतं. आम्ही थांबलो की ते थांबायचं, चालायला लागलो की पुन्हा सुरू. शेवटचं दार मी ढकललं.

आत बायका गोल बसल्या होत्या. डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, वरून दिव्याचा पांढरा उजेड. एकीच्या झग्याची एक बाजू सपाट होती. सगळ्यांनी एकदम आमच्याकडे माना वळवल्या.

"हे माझं गोदाम आहे," वहिनी पुटपुटली आणि माझा हात झिडकारून पळत सुटली.

मी जिन्यापाशी तिला गाठलं, तेवढ्यात मागून धापा टाकत एक उंच बाई आली. बसची ड्रायव्हर होती, ते नंतर कळलं.

"थांबा हो! मला पळायची मनाई आहे," ती म्हणाली. "भ्यालात ना? मी पहिल्या दिवशी थेट बसस्टॉप गाठला होता. आणि तिथं बस चुकली. माझी!"

वहिनीच्या तोंडून हसू फुटलं आणि पाठोपाठ रडू. ड्रायव्हरबाई तिच्या शेजारी पायरीवर बसली. खाली काय काय मिळतं ते तिनं सांगितलं: केमोला सोबत यायला माणूस, उसने केसांचे टोप, मनातलं ऐकून घेणाऱ्या ताई. "आणि नवऱ्यांचा वेगळा वर्ग भरतो. त्यांचीच जास्त तंतरलेली असते."

दादा कुरकुरत त्या वर्गाला गेला आणि डोळे सुजवून आला. त्या संध्याकाळी त्यानं वहिनीला विचारलं, "तुला भीती वाटते का?" घरात इतक्या दिवसांत कुणीच हे विचारलं नव्हतं.

ऑपरेशन झालं, केमो झाली. केस गेले तेव्हा ड्रायव्हरबाई सोबत होती. मग एक नवीनच प्रकार सुरू झाला. काढून टाकलेल्या स्तनाच्या जागी वहिनीला खाज सुटायची. हात न्यावा तर तिथं काहीच नाही. आपल्याला वेड लागतंय या भीतीनं ती घरात बोलली नाही. तळघरात मात्र तिनं दबक्या आवाजात सांगितलं. मग एकेक करत बायकांनी हात वर केले.

"मग तुम्ही खाजवता कुठे?" वहिनीनं विचारलं.

"हवेत," ड्रायव्हरबाई म्हणाली.

वहिनी आता कामावर जाते. तपासण्या चालू आहेत, आतापर्यंतच्या बऱ्या आल्यात. जेवताना कधीकधी तिचा घास मध्येच थांबतो. डावा हात उचलून ती छातीपुढे, बोटभर अंतरावर, रिकाम्या जागेत हळूहळू खाजवते. मला अजून ते बघवत नाही.

दादा मात्र तिच्या ताटात भाजी वाढत विचारतो, "आली का?"

"आली," वहिनी म्हणते.